पिवळ्या टॅगवरची दुसरी सही

आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकांनी जन्मात एकही गोष्ट तपासल्याशिवाय पुढं जाऊ दिली नाही. बोहल्यावर त्यांनी मंगळसूत्राचे मणी मोजले होते, असं काकू सांगतात आणि मला ते पटतं. चाकणच्या एका कंपनीत तीस वर्षं क्वालिटीत काढली. स्वतः निवृत्त झाले, तपासणी काही झाली नाही. लिफ्टचं दार चार-पाचदा उघडझाप करून बघितल्याशिवाय ते आत पाय टाकत नसत, आणि मागं आम्ही हिंजवडीला निघालेली मंडळी कॅब चुकणार म्हणून दातओठ खात उभी. त्यांचं मराठवाडी उत्तर ठरलेलं: "घाई कामून करायलाव भाऊ? घाईत पास केलेला माल परत येतो."

त्यांच्या खिशात कायम पिवळे टॅग असत. कंपनीत शंका आलेल्या मालाला बांधतात ते, 'होल्ड' लिहिलेले. म्हणजे माल फेकायचा नाही, पुढंही पाठवायचा नाही, आधी नीट बघायचं. त्यावर दोन सह्या लागतात, एक तपासणाऱ्याची, दुसरी साक्षीदाराची. एकच सही असली तर शिफ्ट संपली की टॅग बाद; सोसायटीत काकांची शिफ्ट दिवस मावळेपर्यंत. काकांनी पाण्याच्या मोटरला टॅग बांधला, जिन्याच्या कठड्याला बांधला, एकदा तर काकूंच्या लोणच्याच्या बरणीला बांधला आणि दोन दिवस अबोला सोसला. दुसरी सही बहुतेक माझी. एकदा मी कंटाळून कालची तारीख टाकली, तर टॅग फाडून नवा पुढं केला. "मागची तारीख घालायची न्हाई. ज्या दिवशी सही, त्याच दिवसाची तारीख." मी त्यांच्या तोंडावर हसलो होतो.

गेल्या वर्षी चिखलीत सोळा वर्षांच्या एका पोरानं भांडणात रिक्षावाल्याला भोसकलं. मेलेला तरुण आमच्याच गल्लीतला. सगळे पेटले, मीही. लिफ्टजवळ सह्यांचा कागद लागला: अठराच्या आतल्यांनाही फाशी देणारा कायदा करा. काका आधी त्या रिक्षावाल्याच्या आईपाशी तासभर बसून आले. मग त्यांनी त्या कागदाला पिवळा टॅग बांधला.

संध्याकाळची वाट न बघता सोसायटीच्या चेअरमननी त्यांना खाली बोलावलं. "काका, तुमच्या घरातलं कुणी गेलं असतं तर?"

काका म्हणाले, "तर मीबी फाशीच मागितली असती. म्हणून तर निकाल पोर गेलेल्या बापाच्या हातात देत नसतेत." मग टॅगवर हात ठेवून म्हणाले, "त्याला शिक्षा करा, डांबून ठेवा, मी कुठं सोडा म्हणतो? पण सोळा वर्षांचं पोर म्हणजे अर्धा झालेला जॉब, मशीनवरून अजून न उतरलेला माल. अर्ध्या जॉबवर शेवटचा शिक्का मारत नसतेत. अन् माणूस भंगारात काढायचा हक्क तर कुणालाच न्हाई."

कुणीतरी म्हणालं, म्हातारा चळलाय. काका माझ्याकडे वळले. "भाऊ, दुसरी सही?"

"उद्या बघू, काका," मी म्हणालो. खरं तर फाशी मागणाऱ्या त्या कागदावर माझी सही सकाळीच झाली होती. सगळ्यांनी केली, म्हणून मीही केली. सगळं तपासणाऱ्या माणसानं ती यादी वाचली नसेल, हे शक्यच नाही. तरी ते लिफ्टपाशी खुर्ची टाकून दिवस मावळेपर्यंत थांबले आणि मग नियमाप्रमाणे स्वतःच टॅग सोडून खिशात घातला. कागद पुढं गेला. त्यानंतर त्यांनी माझ्याकडे सही कधी मागितली नाही. बोलायचे मात्र पहिल्यासारखंच, आणि त्याचाच मला जास्त त्रास व्हायचा.

या थंडीत काका गेले. दिवस झाल्यावर काकू वर आल्या. हातात तो टॅग होता, घड्या पडलेला. "त्यांच्या शर्टाच्या खिशात होता. तुमच्याकडं द्या म्हणाले होते."

काकांची सही होती, तारखेसकट. खालची ओळ रिकामी. मला स्वतःची लाज वाटली, आणि ती काकूंपासून लपवताही येईना. मी दारातच पेन मागवलं आणि सही केली. शेजारी वर्षभरापूर्वीची तारीख घालायला हात फार शिवशिवला. पण आजचीच घातली.