सव्वाआठच्या वर्गात समू बोलत नाही

आम्ही तिघी टीचर चहाला बसलो की विषय अजूनही तिथेच जातो. कोणीतरी "अगं, ते आजोबा..." एवढंच म्हणतं आणि बाकीच्या दोघी आधी कप खाली ठेवतात, कारण नंतर तो सांडतोच! पण तेव्हा हसू येत नव्हतं, बरं का. तेव्हा भीती वाटायची. असले किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. घाबरलेल्या माणसाला सगळं बारीकसारीक लक्षात राहतं, त्याला काय करणार? आणि मी तर पहिल्यापासूनच घाबरट. गॅस बंद केला का ते बघायला अर्ध्या जिन्यातून तीनदा परत फिरणारी.

आमची शाळा मोशीच्या पुढे, चाकणच्या रस्त्याला. माझ्याकडे ज्युनिअर केजी, बावीस मुलं. लॉकडाऊन लागला आणि बावीसच्या बावीस मुलं माझ्या मोबाइलमध्ये येऊन बसली. मुख्याध्यापिका मॅडमनी कोणाला विचारलं देव जाणे, वर्गाची वेळ ठरवली सकाळी सव्वाआठ. "पालक कंपनीतले आहेत, नंतर कोणी सापडणार नाही," म्हणाल्या.

त्या बावीस चौकोनांत एक चौकोन समूचा. निघोजे गावातली समृद्धी. दोन वेण्या, मांडी घालून ताठ बसलेली, नजर माझ्यावर. आणि तोंडातून एक शब्द नाही! बाकीची पोरं "गुड मॉर्निंग टीचर" म्हणून कान फोडायची, तेव्हा हिचे नुसते ओठ हलायचे. माइक चालू आहे का, मी दहादा तपासलं. चालू होता. "समू, मोठ्याने बोल ना बाळा!" असं मी रोज म्हणायचे. तीन महिने म्हणाले.

शेवटी मॅडमच म्हणाल्या, "मुलगी मुकी असेल तर वेळेवर कळायला हवं. डॉक्टरकडे न्या म्हणून आईला सांगून टाक."

सांगून टाक! फोनवर एका आईला हे सांगायचं कसं? मी नंबर काढायचे आणि फोन उशीखाली ठेवून द्यायचे.

*

आता ते आजोबा. शौर्यचे आजोबा म्हणजे इथले मूळचे गावकरी, डोक्याला मुंडासं, दारात ट्रॅक्टर. पहिल्याच आठवड्यात शौर्यच्या चौकोनात तेच.

"शौर्य कुठाय, आजोबा?"

"झोपलंय."

"अहो, मग उठवा ना त्याला!"

"कशापायी? मी हाय न्हवं हितं! तुमी शिकवा."

मी आपली शिकवत बसले. गाण्याची वेळ आली. "सगळ्यांनी उभं राहायचं, हात वर, एका पायावर उडी!" आजोबा उठले, धोतर खोचलं आणि मारली की उडी! सून आतून धावत आली, "अहो मामंजी, गुडघा!"  आता हे पडले तर पोलीस माझ्या दारात!

आजोबा श्वास घेत खाली बसले आणि म्हणाले, "बाई, दुसऱ्या पायावर उद्या घ्या."

*

रंगांचा आठवडा होता. मी म्हटलं, "पळत जा आणि घरातली एक लाल वस्तू घेऊन या!" कोणी टोमॅटो आणला, कोणी आईची टिकली. एका चौकोनात नुसता रिकामा पाट आणि आतून खर्रर्र, खर्रर्र असा आवाज. मी कान टवकारले. आणि पडद्यावर हळूहळू सरकत आला गॅसचा सिलिंडर!

"नको! नको! सोड तो! आईऽऽ! कुणीतरी आईला बोलवा!" मी माझ्या पिंपळे गुरवच्या घरात अशी किंचाळले की वरच्या मजल्यावरचे काका खाली आले.

त्या पोराची आई बाहेरून धावत आली, सिलिंडर बघितला, पोराकडे बघितलं आणि मला म्हणाली, "टीचर, निळा रंग कधी आहे? तेव्हा मी घरीच थांबते."

आमच्या ह्यांनी हे सगळं स्वयंपाकघरातून ऐकलं. म्हणाले, "तू शिकवतेस की पहारा देतेस गं?"  माझं लक्ष समूच्या चौकोनाकडे होतं. तिने आईची लाल बांगडी धरली होती, आणि ओठ हलत होते.

*

निळ्या रंगाच्या दिवशी वेगळीच तऱ्हा. रुद्र नावाचा मुलगा, त्याचा चौकोन उघडला आणि आत मास्क लावलेला माणूस, मागे खिडकी, खिडकीतून रस्ता पळतोय.

"रुद्र प्रेझेंट, टीचर!"

"रुद्र कुठाय?"

"घरी."

"आणि तुम्ही?"

"कंपनीच्या बसमध्ये. मी रुद्रचा पप्पा. फोन एकच आहे ना, तो माझ्यासोबत येतो. तुम्ही शिकवा, मी लिहून घेतो. संध्याकाळी त्याला शिकवतो."

 मी विचारलं, "निळी वस्तू कोण दाखवतंय?" तसा मागून एक आवाज आला, "टीचर, ही बघा!" आणि बसमधल्या सगळ्यांनी आपापल्या निळ्या युनिफॉर्मची कॉलर धरून उचलली. कोणीतरी ओरडलं, "भावा, आमचीपण हजेरी लाव की!"

पोरं हसून हसून लोळली. मी समूकडे बघितलं. तीही हसत होती. तोंड उघडं, खांदे गदागदा हलतायत, डोळ्यांत पाणी. आवाज मात्र नाही. अहो, हसतानासुद्धा नाही! बसचं हसू राहिलंच बाजूला, मी बाथरूममध्ये जाऊन रडले.

*

फोनवर सांगायला जमेना म्हणून मी स्कूटी काढली. वर्कशीट वाटायचं निमित्त होतंच. निघोज्याला पोचेपर्यंत मनात पाठ करत होते, 'ताई, घाबरू नका, आजकाल उपचार असतात...' आणि घाबरलेली कोण, तर मीच!

चाळीत एका ओळीने दहा खोल्या. समूचं दार उघडंच होतं, पडदा लावलेला. मी शाळेच्या सवयीने खणखणीत आवाजात म्हटलं, "नमस्कार! समू आहे का घरी?"

पडदा सरकला आणि समूची आई तोंडावर बोट ठेवून बाहेर आली. मागून समू, तिचंही बोट तोंडावर.

"हळू टीचर, हळू," आई कुजबुजली. बीडकडची बाई. "ह्यांची थर्ड शिफ्ट आहे. रातभर कंपनीत होते, आत्ताच डोळा लागलाय ओ."

आत भिंतीकडे तोंड करून एक माणूस झोपला होता, डोळ्यांवर ओढणी बांधलेली. एकच खोली. एका कोपऱ्यात कुकर, तोही गॅसवर नाही, खाली. मी बघतेय हे आईच्या लक्षात आलं.

"शिट्टी झाली की दचकून उठतेत. मग पुन्हा झोप नाही. आणि तिकडं प्रेस मशीनवर डुलकी लागली तर हात जातोय ओ. पलीकडच्या खोलीतल्या भाऊंची दोन बोटं गेली. तवापासून मीच लेकराला सांगून ठेवलंय, पप्पा झोपले की बोलायचं नाही. बोललीस तर पप्पांचा हात जाईल."

"फोन घरी कधी असतो?"

"हे झोपल्यावरच की. उठले की फोन त्यांच्यासंगं कंपनीत."

मी तिथेच उंबऱ्यावर बसले. फर्स्ट शिफ्टला फोन कंपनीत, त्या आठवड्यात समू वर्गात नसायचीच. सेकंड शिफ्टला पप्पा उशिरा येतात, सव्वाआठला झोपलेले. थर्ड शिफ्टला नुकते झोपलेले. म्हणजे ही पोर माझ्या प्रत्येक वर्गाला झोपलेल्या बापाच्या उशाशी बसली होती. आणि मी पलीकडून रोज सांगत होते, मोठ्याने बोल! माझ्या तोंडाला कुलूप घालावंसं वाटलं मला.

"बाहेर जाऊन तरी बोलते ना?" मी विचारलं. आता मीही कुजबुजत होते.

"चाळीत सगळीकडं कुणी ना कुणी झोपलेलंच असतंय. सुट्टीला ह्यांचा ओव्हरटाइम, कुठं बाहेर नेणंच होत नाही." मग ती जरा थांबली. "पहिलं लई मोठ्यानं रडायची ओ. परवा पडली, गुडघा फुटला, रडली. पर आवाजच आला नाही. टीचर, जीव घाबरा होतोय माझा. आवाज गेला का हो लेकराचा?"

पाठ केलेलं एकही वाक्य मला आठवलं नाही. "नाही गेला," मी म्हटलं. कशाच्या जोरावर म्हटलं, मलाच माहीत नाही.

*

त्यानंतर मी वर्गात समूला मोठ्याने बोल म्हणायचं बंद केलं. "तू नुसते ओठ हलव, मी बघते," म्हणायचे. मॅडमना सगळं सांगितलं आणि म्हटलं, शाळा उघडेपर्यंत थांबू या. मॅडम म्हणाल्या, "थांब, पण जबाबदारी तुझी." झालं! तेव्हापासून माझी झोप उडाली. खरंच काही दुखणं असलं आणि माझ्यामुळे महिने वाया गेले तर? त्या आईला मी तोंड कसं दाखवणार?

शाळा उघडली. पोरं वरच्या वर्गात गेली, त्यांच्याबरोबर मीही. पहिल्या दिवशी एवढा कालवा झाला की सांगता सोय नाही. दीड-दोन वर्षांचं ओरडणं पोरांनी एका सकाळी भरून काढलं. समू पहिल्या बाकावर ताठ बसलेली. मी तिच्यासमोर गुडघ्यांवर बसले. "समू, इथे कोणी झोपलेलं नाही गं. बघ बरं. कितीही ओरड!"

तिने दाराकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं आणि ओठ हलवले.

एक आठवडा गेला, दुसरा गेला, तिसराही गेला. आई गेटवर रोज विचारायची, "आज?" मी नाही म्हणून मान हलवायचे. आजोबा नातवाला न्यायला यायचे, तेही विचारायला लागले, "बाई, पोरगी बोलली का?" तिसऱ्या शुक्रवारी मॅडमनी मला ऑफिसात बोलावलं. "आता पुरे. सोमवारी मी तिच्या आईवडिलांना बोलावतेय. तूही बस." मी "बरं" म्हटलं. खरं तर त्यांचं काय चुकलं? माझीच चूक झाली होती, असं मला त्या क्षणी पक्कं वाटलं.

रात्रभर डोळ्याला डोळा नाही. शनिवारी वर्गात उभी राहिले तर भिंती फिरायला लागल्या. पोरांना म्हटलं, "चित्र काढा, दंगा करू नका," आणि टेबलावर डोकं टेकवलं. म्हटलं, दोनच मिनिटं.

दंगा कसला थांबतो! बाकं सरकायला लागली, कोणीतरी डबा वाजवायला लागलं, शौर्य एका पायावर उड्या मारत आजोबांची नक्कल करायला लागला. मला सगळं ऐकू येत होतं, पण डोकं काही वर उचलेना.

आणि माझ्या अगदी कानाशी कोणीतरी ओरडलं. असं ओरडलं की शेजारच्या वर्गातून ज्योती टीचर धावत आली आणि ऑफिसातून मॅडम. बावीस मुलांपैकी एकवीस आवाज मला पाठ होते. हा त्यातला नव्हता.

"ए, गप्प बसा रे सगळे! टीचरची थर्ड शिफ्ट आहे!"

वर्ग चिडीचूप झाला.

मी डोळे उघडले नाहीत.