दुधराम खाली हाय

सडक अर्जुनीच्या हायवेवर विक्की सेठचं गॅरेज आहे. त्या गॅरेजात दुधराम कापगतेला सगळेच दबून असत, गिऱ्हाईकसुद्धा. माणूस वाईट होता असं नाही, तोंड वाईट होतं. कुणी गाडी लावून म्हणालं, "मागून आवाज येऊन राहिला," की हा विचारणार, "गाडीतून येते का तुह्या घरातून?" गिऱ्हाईक ऐकून घ्यायचं, कारण आवाज जुन्या गाडीच्या मागच्या चाकाचा असला तर दुधरामशिवाय दुसरा कोणी त्याला हात लावायचा नाही.

जुन्या व्हॅनला आणि जीपला मागं आडवी लोखंडी नळी असते, नळीत दांडा असतो, आणि दांड्याच्या टोकाला बेअरिंग इतकं गच्च बसवलेलं असतं की काढताना माणसाचा जीव अर्धा होतो. दुधरामला त्यातच मजा यायची. बाप सौंदडचा कोहळी. घराण्यानं पिढ्यान् पिढ्या तलाव खोदले, त्यांचे बांध घातले, घरात जेवताना बोलणं पाण्याचंच. हा एकटा पठ्ठ्या कोपरापर्यंत ग्रीसमध्ये. बाप मेला तेव्हाही याच्या नखांतलं काळं निघालं नव्हतं, तशाच हातांनी त्यानं पिंड ठेवला. गावातल्या म्हाताऱ्यांनी नाकं मुरडली. दुधराम म्हणाला, "माह्या बापानं चिखलातल्या हातांनी मले भरवलं, तेव्हा तुमी कुठं होते?"

असा माणूस. त्यानं गजेंद्रला काम शिकवलं तेही असंच. गजेंद्र तेव्हा नवा होता, कामाचा भुकेला होता आणि थोडा घाबरट होता. एकदा त्यानं एका जीपचं ऑइल सील, म्हणजे तेल अडवणारं रबरी कडं, उलटं बसवलं. तेल गळून ब्रेकमध्ये उतरलं आणि गाडी रस्त्यावरच्या म्हशीवर जाऊन थांबली. दुधरामनं काय केलं, तर ते सील तारेत ओवून गजेंद्रच्या गळ्यात बांधलं आणि त्याला हायवेच्या कडेला उभा केला. "हे माळ घालून राह्य. लोकायले सांग, मी उलटा हावो म्हनून." ट्रकवाले हात दाखवून जायचे. संध्याकाळी गजेंद्रनं ती तार काढली, नीट गुंडाळली आणि खिशात ठेवली. दुधराम ते विसरला. विसरणं त्याला सोपं होतं, तार त्याच्या गळ्यात नव्हती.

पुढं दिवस पालटले. नव्या गाड्यांच्या मागच्या चाकाला बेअरिंगसकट अख्खा हब येतो, बोल्ट खोला, नवा लावा, झालं. ते काम गजेंद्र चहा थंड व्हायच्या आत करायचा. जुन्या गाड्या भंगारात गेल्या आणि दुधरामच्या हाताला काम उरेना. विक्की सेठ गोंदियाचा. मराठी समजायची, पण बोलायचा हिंदी, आणि त्याच्या तोंडी एक शब्द कायम असायचा: खाली. "ये खाली क्यूँ बैठा है? वो खाली क्यूँ खडा है?" एक दिवस त्यानं दुधरामला सरळ सांगून टाकलं, "दुधराम, काम है तो तू है. जिस दिन तू मेरे को खाली दिखा, उस दिन से घर."

आता हा शब्द जरा समजून घ्यावा लागेल. पुस्तकातल्या मराठीत खाली म्हणजे खालच्या बाजूला. ते पुस्तकात. इकडच्या माणसाचं पाणी खालतं सांडते, पोरगं खाटेच्या खालतं लपते, कोंबडी गाडीच्या खालतं जाते. 'खाली' आमच्याकडं हिंदीतून आलेला, आणि त्याचा अर्थ एकच, रिकामा. खाली पोतं, खाली एस्टी, खाली माणूस.

तेव्हापासून दुधरामनं खाली दिसायचं नाही असं ठरवूनच टाकलं. काम नसलं की जुनीच बेअरिंगं काढून रॉकेलमध्ये धुवायचा, पुसायचा, ग्रीस भरायचा, आणि दुसऱ्या दिवशी तीच पुन्हा धुवायचा. पंक्चरवाला सुकराम त्याच्या जवळचा, रोज दोघांचा डबा एकत्र सुटायचा. तो म्हणाला, "अरे, ते चकाकून राहिले आता. कितीक धुवशील?" दुधराम म्हणाला, "तू तुह्या ट्यूबा पाह्य." आवाज मात्र नेहमीसारखा चढला नाही. त्याला धास्ती बसली होती. पन्नाशीच्या पुढचा मिस्त्री, दुसरीकडं कोण घेणार?

अशात दुलीचंद पटलेची व्हॅन आली. लग्नाच्या वराती वाहून वाहून म्हातारी झालेली, मागच्या दोन्ही चाकांचा आवाज घुमत होता. दुधरामला देव भेटल्यासारखं झालं. एक बाजू त्यानं आरामात केली, हसत, गुणगुणत. दुसऱ्या बाजूचा दांडा ओढून काढला, जुनं बेअरिंग छिन्नीनं फोडलं, नवं बसवलं, दांडा परत आत घातला, ड्रम चढवला, चाक लावलं. राहिला ब्रेकचा पाइप. तो एक्सलच्या, म्हणजे त्या आडव्या नळीच्या, वरून जातो, आणि त्याचा नट आवळायला पोटावर नाही, पाठीवर सरकत आत जावं लागतं. जॅक गाडीच्या अंगाला लावलेला होता, त्यामुळं एक्सल लोंबत होता आणि वर हात घालायला जागा होती. गाडीखाली ठोकळे लावायचे असतात हे दुधराम जगाला सांगायचा. स्वतः लावले नाहीत. एका नटासाठी कोण लावते?

तो भिंतीच्या बाजूनं आत शिरला, म्हणून त्याचे पाय कुणाला दिसेनात. उजवा हात एक्सलवर, पाना नटावर. तेवढ्यात सेठच्या चपला आल्या. मागून दुलीचंदचा फोनवरचा आवाज येत होता, वरात खोळंबली होती.

"चक्का तो लग गया," सेठ म्हणाला. "दुधराम कहाँ है?"

गजेंद्र जवळच होता. खालून दुधरामला त्याचे बूट दिसत होते, बुटांची टोकं व्हॅनकडंच होती. गजेंद्र म्हणाला, "दुधराम खाली हाय."

खालतं नाही. खाली.

त्याच वेळी दुधराम ओरडला असता तर हात वाचला असता. पण त्याला भीती वाटली नाही, संताप आला. मी घामानं ओला होऊन इथं मरून राहिलो, अन् हा नालायक सेठले सांगते की मी रिकामा बसलो! तो मनात शिवी जुळवत होता. चांगली, वजनदार, गजेंद्रच्या सात पिढ्यांना पुरेल अशी. ती ओठावर येत होती तोवर सेठ म्हणाला, "खाली है? मतलब काम हो गया," आणि त्यानं जॅकची मूठ फिरवली.

व्हॅन चाकांवर उतरली. चाकं टेकली, पण वरचं अंग आणखी खाली आलं आणि एक्सलवर बसलं. मध्ये दुधरामचा हात होता.

दवाखान्यात बोटं गेली. अंगठा राहिला, आणि तळव्याचा थोडा भाग. चौकशीला पोलीस जमादार आला, सोलापूरकडचा, नवा बदलून आलेला, स्वभावानं बरा. त्यानं सगळ्यांना विचारलं. सेठ कानाला हात लावून म्हणाला, "साहब, मैं समझा, बाहर बैठा है." गजेंद्रच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, अन् ते खरंही असेल. तो म्हणाला, "साहेब, मी तं सांगतलं, खाली हाय म्हनून. गाडीच्या खाली."

"मग बरोबरच सांगितलं की यानं," जमादार म्हणाला.

दुधराम खाटेवर उठून बसला. "खोटं बोलते साहेब. हा गाडीच्या खाली म्हनतच नाही कधी. आमच्याकडं कोनीच म्हनत नाही. खालतं म्हनते. खाली म्हनजे रिकामा."

जमादार हसू दाबत म्हणाला, "अहो, खाली म्हणजे खालीच ना? मराठीच आहे." मग त्यानं सुकरामकडं वळून विचारलं, "तुम्ही सांगा. इकडं काय म्हणतात?"

सुकरामनं दुधरामच्या पट्टी बांधलेल्या हाताकडं पाहिलं, मग दाराशी उभ्या सेठकडं. सेठच्याच जागेवर त्याचं पंक्चरचं दुकान होतं. "दोनी चालते, साहेब," तो म्हणाला. जमादार निघून गेला.

हात गेला तेवढ्यावर भागलं असतं तरी माणूस सावरला असता. पण त्याचा किस्सा झाला. हिंदी सेठ, मराठी मिस्त्री आणि एक खाली. ढाब्याढाब्यावर तो गेला. ट्रकवाले एकमेकांना सांगत, सांगताना हात असा दाबून दाखवत. बाजारात दुधराम दिसला की लोक विचारायचे, "काय दुधराम, खाली हायेस का?" आणि उत्तराची वाट न पाहता खिदळायचे. एका लग्नात तर दुलीचंदनं त्याला पाहुण्यांसमोर बसवून घेतलं. "तूच सांग भाऊ, तुह्या तोंडून मजा येते." ज्या तोंडाला लोक भीत होते, त्या तोंडात त्यानं डाव्या हातानं भाताचा घास कोंबला.

घरी बायको प्रेमिला त्याला भाकर मोडून द्यायची. तो गजेंद्रच्या नावानं बोटं मोडायला लागला की, मोडायला आता एकाच हाताची उरली होती, ती ऐकून घ्यायची. एकदा मात्र ती म्हणाली, "तुमी त्याच्या गयात तार बांधली तवा मी तितंच डबा घेऊन उभी होतो. त्यानं माह्याकडं पाह्यलं होतं. मले तवाच समजलं होतं, हा फेडल."

"मंग तवा काऊन नाही बोलली?"

"तुमाले कोन बोलते?"

घरात बसवेना म्हणून तो पुन्हा गॅरेजवर जाऊ लागला. सेठनं हाकललं नाही. सुकरामच्या पंक्चरच्या घमेल्याजवळ एका जुन्या टायरवर दुधराम बसून राहायचा. मागच्या बेअरिंगचं काम आता गजेंद्रकडं गेलं होतं. बेअरिंग ओढून काढायचा पुलरही दुधरामचा, हातोडाही दुधरामचा. गजेंद्रचा ठोका चुकला की दुधरामच्या नसलेल्या बोटांना कळा यायच्या.

एका दुपारी गजेंद्र जीपखाली होता. बेअरिंग बसवून झालेलं, चाक लावलेलं, ठोकळे नाहीत, पाय भिंतीकडं. सेठ फोन कानाला लावून घाईत आला आणि जॅकची मूठ धरून म्हणाला, "अरे, गजेंद्र कहाँ है?"

जवळ दुधरामच होता. सगळं तसंच्या तसं समोर आलं होतं, आणि त्याला काही ठरवावं लागलं नाही. किती दिवसांपासून तो हेच मागत होता, ते त्याला तेव्हाच कळलं. तो म्हणाला, "गजेंद्र खाली हाय, सेठ."

सेठचा हात थांबला. त्यानं दुधरामकडं पाहिलं, फोन छातीशी धरला आणि खो खो हसत सुटला. "खाली है! कौन सी भाषा में, दुधराम?" गॅरेजातले सगळे कामं टाकून हसू लागले. गिऱ्हाईक हसलं, सुकरामही हसला. दुधरामला वाटलं होतं आपण खून करतो आहोत, आणि लोकांना तो किस्सा आणखी रंगलेला वाटला.

जीपखालचा माणूस मात्र हसत नव्हता. आतून धडपड ऐकू आली, पाना पडल्याचा आवाज आला, आणि गजेंद्र जिवाच्या आकांतानं ओरडला, "मी खालतं आहो, सेठ! खालतं आहो!"

हसणं थांबलं. शब्द सगळ्यांनी ऐकला, आणि कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती. दुधरामनं सुकरामकडं पाहिलं. सुकरामनं ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात दाबली आणि मान खाली घालून बुडबुडे शोधू लागला. गिऱ्हाईक आपल्या मोबाइलमध्ये बघत राहिलं. गजेंद्र बाहेर आला, अंगावरची माती झटकली आणि पाना उचलायला परत वाकला.

"चलो, चलो, काम करो," सेठ म्हणाला. मग इकडंतिकडं बघत त्यानं हाक दिली, "कोई चाय बोल दे रे. दुधराम, तू जा. तू तो खाली है."

दुधराम टायरवरून उठला आणि चहा सांगायला गेला.