सकाळचे टाके

गेल्या डिसेंबरात फवारणी पंपाचा एक पट्टा हरभऱ्याच्या शेतात सुटला. भरलेला पंप खांद्यावरून घसरला आणि औषध पोटरीवर सांडलं. शेतकऱ्याने लगेच पाय धुतला. इजा झाली नाही. दुसऱ्या दिवशी तो पट्टा घेऊन मेहकरला आमच्या गल्लीत आला आणि ज्यांनी तो शिवला होता त्यांच्यासमोर ठेवला.

शिवणारे चाचा माझ्या खोलीच्या समोर राहतात. घराच्या पुढच्या खोलीत दुकान, मागे घर. बैलांच्या घुंगरांचे पट्टे, कमरपट्टे, पंपाचे पट्टे असं चामड्याचं काम ते तरुणपणापासून करत आले आहेत. मी एका वर्तमानपत्राचा वार्ताहर. सकाळचा चहा बहुतेक त्यांच्याच ओट्यावर होतो, त्यामुळे पुढचं बरंचसं माझ्यासमोर घडलं. उरलेलं चाचा-चाचींनी सांगितलेलं आहे.

चामडं तुटलं नव्हतं, शिलाई उसवली होती. एका जागी काही टाके पडलेच नव्हते. वरचा दोरा नुसता आडवा गेला होता. शेतकरी भांडला नाही.

"तुमच्या हातचा पट्टा म्हणून पाह्यलंच नाई मी, चाचा. खांद्यावर घातला न् निंघालो."

हे वाक्य चाचांनी पुढे मला दोनदा सांगितलं.

त्या दुपारी त्यांनी त्याला नवा पट्टा शिवून दिला. शिलाई सलग आली. दुसऱ्या दिवशी सकाळी मशीनने पुन्हा टाके सोडले. चाचांनी सुई बदलली, दोरा बदलला. फरक पडला नाही. मग खामगावच्या मिस्त्रीला फोन केला. त्या भागात चामड्याच्या जड मशीन दुरुस्त करणारा तोच एक त्यांच्या माहितीतला होता.

मिस्त्री सकाळी एसटीत बसला तरी मेहकरला उतरेपर्यंत जेवणाची वेळ होते. तोवर दुकानाचे पत्रे तापलेले असतात. त्याने मशीन उघडली, खालचा दोरा अडकवणारं आतलं शटल तपासलं, दुहेरी चामड्यावर शिलाई मारली. एकही टाका सुटला नाही. चाचांनी मारली. तीही सलग.

"मशीन तं मख्खन चालून राह्यली. मले बोलावलं कायले, जेवाले?"

"सकाऊन सोडते ना बे टाके."

"मशिनीले का माहीत, सकाळ झाली का दुपार?"

चाचीही हसल्या. त्याला जेवू घालून पाठवलं.

दुसऱ्या खेपेलाही तेच झालं. या वेळी मिस्त्री गमतीने बोलला नाही. चपला घालताना खाली बघत म्हणाला, "चाचा, राग नका येऊ द्या. हात थंडीनं आखडत असन तुमचा. पट्टा वढल्या जात असन. चामडं वढलं का सुई झुकते, टाका सुटते."

हिवाळ्यात चाचांची बोटं सकाळी पुरती उघडत नाहीत, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. मिस्त्री म्हणाला ते शक्य होतं, आणि त्याने डोळ्यांनी पाहिलेलं त्याच्याशी जुळत होतं. अतिवृष्टीच्या बातम्या करताना हे मी अनेकदा पाहिलं आहे. पंचनाम्याला माणसं पोहोचतात तेव्हा पाणी ओसरलेलं असतं. कागदावर जे येतं ते खोटं नसतं; ते पाणी ओसरल्यानंतरचं असतं.

चाचांनी पंपाचे पट्टे घेणं बंद केलं. गिऱ्हाईक आलं की दुसऱ्या दुकानाचा रस्ता दाखवत. मी कारण विचारलं.

"बैलाच्या गळ्यातला पट्टा सुटला तं घुंगरू पडन. पंपाचं तसं नाई, भाऊ. माणूस पाठीवर जहर घेऊन चालते, माह्या हातावर भरोसा ठेवून."

जानेवारीच्या सुरुवातीला त्यांनी मशीनला गिऱ्हाईक पाहायला मिस्त्रीलाच सांगितलं. "हातच गेला तं मशीन ठेवून का करू? पाह्यत बसू?"

गिऱ्हाईक खामगावातच मिळालं. माल घेऊन आलेली एक पिकअप गाडी सकाळी रिकामी परतणार होती. तिच्यात मशीन टाकायची म्हणून मिस्त्री आदल्या संध्याकाळीच मेहकरला आला आणि बहिणीकडे मुक्कामी राहिला. उजाडताच मफलर गुंडाळून दुकानात हजर झाला. गाडी गल्लीच्या तोंडाशी उभी होती.

"न्यायच्या आंधी एक शिलाई मारून घेतो. चालू हालतीत आणली, असं सांगता आलं पाह्यजे त्याले."

त्याने दुहेरी चामडं घातलं आणि मशीनची मोटार चालू केली. मध्येच टाके सुटले. सुई बदलून त्याने दुसरी शिलाई मारली. पुन्हा सुटले.

चाचा हात काखेत घालून मागे उभे होते.

"काऊन बे," ते म्हणाले, "तुह्याही हात गेला का?"

मिस्त्री हसला नाही. चामडं दाबून धरणारा लोखंडी पाय त्याने खटक्याने वर उचलला आणि सोडला. तो खट् करून खाली पडायला हवा होता. तो अर्ध्यात अडला आणि सावकाश उतरला.

"पायच दाबून नाई राह्यला," मिस्त्री म्हणाला. चामडं दाबलेलं नसलं की ते सुईबरोबर वर उचललं जातं. मग खाली दोऱ्याचा फास तयार होत नाही, आणि शटलला पकडायला काही उरत नाही.

त्याने त्या पायाची दांडी बाहेर काढली. तिच्यावर पिवळट चिकट थर होता. नखाने खरवडून त्याने तो हुंगला.

"चाचा, मशिनीत ओवा टाकता का?"

चाची चहा घेऊन दारात आल्या होत्या. दिवाळीपासून रोज सकाळी त्या सरकीच्या तेलात ओवा आणि लसूण टाकून गरम करत आणि चाचांचे हात चोळून देत. वाटीत थोडं उरत असे. चाचा ते मशीनच्या भोकांतून सोडत.

"फेकाव कायले?" चाचा म्हणाले. "मले आराम पडते, तं तिलेही पडन म्हटलं."

"मशीन कू भी लगाया?" चाची म्हणाल्या. "मैं हाथ के वास्ते गरम करती थी ना जी!"

"बाप्पा! मालिश करून राह्यला हा माणूस मशिनीची," मिस्त्री म्हणाला आणि खाली बसून हसू लागला.

खायचं तेल मशीनमध्ये राहिलं की सुकून चिकट होतं. थंडीत आवळून बसतं, मशीन आणि पत्रे तापले की सैल पडतं. पायाने चालवायची मशीन असती तर तिचा जडपणा चाचांच्या पायाला आधीच कळला असता. मोटारीला तो कळत नाही.

ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. "टाकाची का नाई?"

"डिझल आन थोडंसं, डब्यात," मिस्त्रीने उत्तर दिलं.

गाडीतल्या डिझेलने त्याने सगळे भाग धुतले आणि मशीनचं तेल सोडलं. ते होईपर्यंत ऊन पत्र्यावर आलं होतं. शिलाई सलग पडली, पण त्या वेळेला ती रोजच सलग पडत होती. मिस्त्रीनेच ते बोलून दाखवलं. त्याने गाडी रिकामी पाठवली आणि चाचांना म्हणाला, "उद्या सकाऊन पाहू. मी नाई बसणार. तुम्ही बसा."

दुसऱ्या दिवशी थंडी तशीच होती. चाचींनी हात चोळून दिले, फडक्याने पुसले आणि वाटी आत नेऊन ठेवली. चाचांनी पंपाच्या पट्ट्याचं चामडं घेतलं. दोरा सुईत जाईना. दोनदा बोटांतून निसटला. चाचींनी तो त्यांच्या हातातून घेतला आणि ओवून दिला. चाचा शिवायला बसले.

मिस्त्रीने पट्टा उजेडात धरला आणि वरून, मग खालून, टाक्याटाक्यावर अंगठा फिरवला. टाका कुठे सुटला नव्हता. त्याने तिथूनच खामगावच्या गिऱ्हाइकाला फोन करून मशीन मिळणार नाही असं कळवलं.

चाचा पंपाचे पट्टे पुन्हा शिवतात. सकाळी सुईत दोरा चाची ओवतात.