पूजलेला हौद

आमच्या मूर्तिजापूरकडच्या गावात कमिटीने गटाराचं पाणी निवळायला गावाबाहेर पक्का हौद बांधला. तोवर ते पाणी माळीणकाकूंच्या विहिरीशी साचायचं आणि त्यांची लेकरं सारखी हगवणीने आजारी असायची. हौदाची वाट सर्वांत जास्त त्याच पाहत होत्या.

उद्घाटनाला अध्यक्षांनी भटजी बोलावले, हळदकुंकू वाहिलं, गंगाजल शिंपडलं. झालं! आता पूजलेल्या हौदात गटार कोण सोडणार? मी नवी, इंग्रजी शिकलेली सून. मग हौद बांधला कशाला, असं मी विचारलं, तर अध्यक्ष म्हणाले, “सूनबाई, धर्म तुमच्या पुस्तकात नसतो.” हौद महिनाभर कोरडा, झेंडूच्या माळा घालून बसला.

एका सकाळी माळीणकाकू कुदळ घेऊन तिथे गेल्या. अध्यक्ष आडवे आले, तशा त्या कडाडल्या, “तुमच्या हौदाले इटाळ होते, अन् माह्या लेकराइले काई होत नाई काय? सरका!” त्यांनी नालीचा बांध फोडला आणि गटार हौदात शिरलं.

अध्यक्षांनी हौदाच्या शुद्धीसाठी पुन्हा भटजी बोलावले. भटजी उपरण्याने नाक दाबून अर्ध्या वाटेवरूनच परतले. माळीणकाकूंची विहीर हळूहळू निवळली. पुढे प्रत्येक भाषणात अध्यक्ष सांगायचे, “हौद आम्ही सुरू केला.”