बाबांनी माझे डोळे तपासले

माझ्या बाबांचं नागपुरात चष्म्याचं दुकान होतं, आणि त्यांच्या मते जगातले निम्मे आजार चष्म्याच्या नंबरामुळे होतात. डोकं दुखतं? नंबर. पोरगा गणितात नापास झाला? नंबर. शेजारच्या काकूंचं सुनेशी पटेना, तर बाबा म्हणाले, आधी दोघींचे डोळे तपासा. आई होती तोवर ती या बाबतीत त्यांची यथेच्छ टर उडवायची. ती गेल्यावर ते काम माझ्याकडे आलं.

गेल्या वर्षी मे महिन्यात बाबा चार महिन्यांसाठी आमच्याकडे कॅनडात मिसिसागाला आले. बॅगेत कपडे कमी आणि दोन स्वेटरांमध्ये गुंडाळलेली काचांची पेटी. दुकान बंद करून बरीच वर्षं झाली होती, पण डोळे तपासायची ती लाकडी पेटी त्यांनी कुणाला दिली नव्हती. एअरपोर्टवरच्या अधिकाऱ्याने पेटी उघडायला लावली, तेव्हा आपण त्यालाच "यू नीड रीडिंग ग्लासेस" असं सुनावलं, असं बाबा सांगतात. खरंखोटं देव जाणे.

मी त्यांच्यापासून एक गोष्ट लपवत होते. मार्चमध्ये मला मल्टिपल स्क्लेरोसिस असल्याचं निदान झालं होतं. शरीराचं रक्षण करणारी फौजच मज्जातंतूंच्या आवरणावर चालून जाते, असा तो आजार. अगदी सुरुवातीची अवस्था होती. जानेवारीत उजव्या डोळ्याने धूसर दिसायला लागलं आणि काही आठवड्यांनी आपोआप बरं झालं, त्यावरून तपासण्या सुरू झाल्या. पण डोळ्याच्या कितीतरी आधीपासून बाकीच्या कुरबुरी चालू होत्या. बसल्या जागेवरून उठले की डोळ्यांपुढे अंधारी यायची आणि छाती धडधडायची. उन्हात घाम येत नसे, नुसतं अंग तापत राहायचं. वॉशरूमला जायचं म्हणजे त्या मिनिटाला जायचं, पाच मिनिटांनी नाही. शरीर जी कामं आपल्याला न विचारता उरकतं, ती माझं शरीर आता मला विचारून करायला लागलं होतं, आणि मला त्यातलं एकही येत नव्हतं.

डोळ्याच्या पडद्याचा स्कॅन काढला, त्यात उजव्या डोळ्यातला मज्जातंतूंचा थर पातळ झालेला दिसला. "पण मला तर सगळं नीट दिसतंय," मी डॉक्टरीणबाईंशी हुज्जत घातली. त्यांनी शांतपणे सांगितलं की दिसणं बरंचसं परत येतं, गेलेले तंतू येत नाहीत. उरलेत ते सांभाळायचे. त्यासाठी औषध सुरू केलं.

बाबांना सांगायचं नाही, हे मी ठरवून टाकलं. नवरा म्हणाला, "अगं, ते तुझे वडील आहेत, तुझ्या ऑफिसचे एचआर नाहीत." पण मी हटून बसले. आई गेल्यापासून बाबा नागपुरात एकटे राहतात. रोज फोनवर विचारतात, "ठीक ना?" मी म्हणते, "ठीक." त्या एका शब्दावर त्यांचा दिवस चालतो. त्यांना कळलं असतं तर एक तर ते परत गेलेच नसते, नाहीतर जाऊन तिकडे एकटेच कुढत बसले असते. त्या माणसाने आईच्या आजारपणात खूप सोसलं होतं. आता माझ्यामुळे पुन्हा नको. चार महिने कसेबसे निभावून न्यायचे होते.

मग माझी नाटकं सुरू झाली. गोळ्या व्हिटॅमिनच्या बाटलीत गेल्या. सोफ्यावरून उठायच्या आधी मी फोनमध्ये काहीतरी पाहत बसायची, तेवढ्यात पाय हलवून घ्यायची, म्हणजे अंधारी कमी यायची. ग्रोसरीच्या दुकानात शिरल्याबरोबर वॉशरूम गाठायची आणि बाबांना सांगायची की ऑफिसचा कॉल आला होता. एसी इतका वाढवून ठेवला होता की बाबा जूनमध्ये घरात कानटोपी घालून बसायचे. मी म्हणायची, जावयाला उकडतं. जावई बिचारा पांघरूण घेऊन टीव्ही पाहत होता.

बाबा मात्र खुशीत होते. शनिवार-रविवारी आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येकाचे डोळे ते तपासायचे. नागपूरहून आणलेला अक्षरांचा तक्ता त्यांनी आमच्या फ्लॅटच्या पॅसेजमध्ये लावला होता, तोही मराठी अक्षरांचा. एका मैत्रिणीची मुलगी दुसऱ्या ओळीपासूनच अडखळायला लागली. बाबांनी गंभीर होऊन तिला काचांमागून काचा लावल्या. शेवटी ती वैतागून म्हणाली, "आजोबा, I can see it. I just don't know what it is!" बाबा तिच्या आईला म्हणाले, "नंबर हिला नाही, तुम्हाला पाहिजे." त्यावर आम्ही सगळे हसून हसून लोळलो.

मग जूनच्या शेवटी एका रविवारी त्यांनी मला बसवलं. "तुला चक्कर येते ना अधूनमधून? पाहून राहिलो मी. ये इकडे."

मी ऐटीत बसले, कारण तो तक्ता मला पाठ होता. दुकानात त्याच्याखाली बसून मी अभ्यास केला होता. उजवा डोळा, डावा डोळा, शेवटच्या ओळीपर्यंत मी धाडधाड म्हणून दाखवलं. बाबांनी टेबलावरच्या लोणच्याच्या बरणीचं लाल झाकण उचललं, माझा एक डोळा झाकला आणि विचारलं, "लाल कसं दिसतं?" मग दुसरा झाकला. "आणि आता?"

डाव्या डोळ्याला ते झाकण लालभडक होतं. उजव्याला ते धुऊन धुऊन विटलेल्या कापडासारखं दिसत होतं. तोवर माझ्या हे कधी लक्षातच आलं नव्हतं.

"सारखंच," मी म्हणाले.

"बरं," बाबा म्हणाले. "नंबर नाही तुला." आणि त्यांनी काचा पुसून पेटीत ठेवून दिल्या. मला वाटलं, सुटले.

ऑगस्टमध्ये एके दिवशी सकाळी मी कणकेचं पोतं काढायला खालच्या कपाटापाशी उकिडवी बसले. पोतं घेऊन उठले आणि सगळं काळं झालं. पडले नाही, ओट्याला धरून राहिले, पण कणीक स्वयंपाकघरभर झाली. बाबा धावत आले. त्यांनी मला तिथेच कणकेत खाली बसवलं आणि स्वतःही गुडघे दुखत असताना शेजारी बसले.

"किती दिवस झाले?" त्यांनी विचारलं.

"काय किती दिवस?"

"पोरी, तक्ता तुला पाठ आहे हे मला माहीत नाही का? म्हणून तर झाकण दाखवलं. नंबर शून्य आणि एका डोळ्याला लाल फिकं, असं गिऱ्हाईक आलं तर मी कधी चष्मा दिला नाही. सरळ मोठ्या दवाखान्यात पाठवायचो. काचेचं काम नसतं ते, नसेचं असतं. आणि खोटं मला कळतं. चाळीस वर्षं लोकांना विचारलं, हे बरं दिसते की ते? माझं मन राखायला किती जण खोटं बोलायचे."

मग मी सगळं सांगितलं. जानेवारीपासूनचं, अंधारीचं, घामाचं, वॉशरूमचंसुद्धा. वडिलांशी हे कसं बोलायचं असं वाटत होतं, पण एकदा तोंड उघडल्यावर थांबता येईना. बाबा ऐकत राहिले. मध्ये मध्ये माझ्या केसांतली कणीक झटकत होते. शेवटी एवढंच म्हणाले, "आता डोळ्याची तपासणी कधी आहे? मी येतो."

पुढच्याच आठवड्यात होती. नवरा गाडी घेऊन जवळच्या वॉन शहरात कामावर गेला होता, म्हणून आम्ही बसने गेलो. डॉक्टरीणबाईंनी बाबांना स्क्रीनसमोर खुर्ची दिली आणि मार्चचा स्कॅन आणि आताचा स्कॅन शेजारी शेजारी ठेवून दाखवला. थर पातळ होता, पण मार्चमध्ये होता तेवढाच होता. पुढे झिजला नव्हता. बाबा नाक स्क्रीनला टेकेपर्यंत वाकून पाहत होते. आयुष्यभर त्यांनी डोळ्यांचं काम केलं आणि डोळ्याच्या आतला हा थर पहिल्यांदाच पाहिला, तोही माझा. त्यांनी इंग्रजीत विचारलं, "नो लेन्स फॉर धिस?" बाई म्हणाल्या, नाही. बाबांनी स्वतःचा चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसला. मला त्या क्षणी ते फार आवडले आणि त्यांची फार दया आली.

परतीच्या बसस्टॉपवर ऊन होतं. बाबांनी मला सावलीच्या बाजूला उभं केलं आणि स्वतः उन्हात राहिले. आता माझा राग उफाळून आला.

"तुम्हाला जूनमध्येच कळलं होतं ना? मग विचारलं का नाही? दोन महिने मी मूर्खासारखी नाटकं करत बसले!"

"तू माझ्यासाठी करून राहिली होती. कसं मोडू?" ते म्हणाले. "पण झोप लागत नव्हती बाई. तू तिकडच्या खोलीत एकटी घाबरलेली, मी इकडच्या खोलीत एकटा घाबरलेला, मधात नुसती भिंत. हा काही शहाणपणा नाही. आता महिनाभराने मी ठरल्याप्रमाणे परत जातो. पण फोनवर ठीक म्हणायचं नाही. चक्कर आली तर चक्कर आली म्हणायचं. जे काही घाबरायचं ते दोघं मिळून घाबरू."

मला हसू आलं, आणि हसता हसता मी त्या भर रस्त्यात लहान मुलीसारखं भोकाड पसरलं. बाबांनी मला जवळ घेतलं. तेवढ्यात बस आली, दार उघडलं, ड्रायव्हर आमच्याकडे पाहू लागला. बाबांनी माझ्या डोक्यावरचा हात न काढता दुसऱ्या हाताने त्याला खूण केली.

"यू गो," ते म्हणाले. "वुई विल टेक नेक्स्ट."