जीभ नको, पत्ता सांगा

माणसाच्या देहाविषयी इतके उदासीन आणि त्याच्या पत्त्याविषयी इतके चौकस असे आरोग्य निरीक्षक आमच्या मामेसासऱ्यांखेरीज अवघ्या नाशकात दुसरे झाले नसावेत. कोणी कण्हत आले की डॉक्टर जीभ पाहत, मामा विचारत, "राहता कुठे? खिडक्या किती? मोरीचं पाणी कुठं जातं?" गुडघे धरून बसलेल्या विहीणबाईंना त्यांनी भर पंगतीत "मजला कितवा?" असे विचारले होते. भाच्यासाठी मुलगी पाहायला गेले, तेव्हा इकडे पोह्यांवरच्या कोथिंबिरीचा गंध दरवळत होता आणि हे मागील दारी ओल चढलेली भिंत हुंगत उभे! बाहेर येऊन म्हणाले, "मुलगी सोन्यासारखी आहे, पण या घरात पावसाळाभर खोकेल. लवकर घेऊन चला." ती मुलगी मी. माझ्या आईने त्यांना कधी क्षमा केली नाही. खोकला मात्र लग्नानंतर खरोखरच गेला.

निवृत्तीनंतर मामा आमच्याकडे राहायला आले. आमची वसाहत अत्यंत सुसंस्कृत. अंगणोअंगणी गुलाब, आणि नळाच्या मुख्य वाहिनीलाच गुपचूप जोडलेल्या मोटारी. सकाळी त्या भुंग्यांसारख्या गुणगुणत. त्याच वाहिनीच्या शेवटच्या टोकाला मजुरांची वस्ती होती. तिथे पाणी तोटीपर्यंत चढेना, म्हणून लोकांनी खड्डे खणून नळच जमिनीखाली नेले होते. खड्ड्यात गटार झिरपे, पाणी बंद झाले की रिकामा नळ तेच आत ओढून घेई, आणि दर उन्हाळ्यात तिथे कावीळ येई. "त्या लोकांना सवयीच नाहीत," असे निदान करून आमचे महिला मंडळ रंगीत तक्ते घेऊन वस्तीत गेले. हात धुण्याच्या प्रात्यक्षिकासाठी मी पाणी मागितले, तेव्हा एका बाईने अदबीने विचारले, "किती लागंल, ताई? अर्धा तांब्याच हाय."

त्याच उन्हाळ्यात आमच्याकडे भांडी घासणाऱ्या शांताबाई धापा टाकत आल्या. "पोरीचे डोळे लय पिवळे झालेत, ताई. सातवा महिना हाय तिला." मी उसाचा रस सुचवला. मामांनी चपला घातल्या, पोरीला रिक्षाने इस्पितळात पोचवले आणि तिथून थेट वस्तीत गेले. परतले ते गुडघ्यापर्यंत भिजलेल्या धोतराने, गटाराचा आंबूस दर्प घेऊन.

"सूनबाई, पाना आण."

"कशाला, मामा?"

"तिच्या काविळीचा माग काढत आलो. खड्ड्यापासून निघालो, तो आपल्या अंगणात पोचलो."

आमचे हे म्हणाले, "मामा, आपण एकट्यांनी मोटार काढून काय होणार? सगळ्यांकडेच आहेत."

"मग सगळ्यांकडेच जातो. रिकाम्या हातानं कसा जाऊ?"

आमची निघालेली मोटार काखोटीला मारून ते घरोघर फिरले. तिघांनी आपापल्या मोटारी काढल्या. उरलेल्यांनी मामांना चहा पाजला, आणि त्यांच्या प्रकृतीची आस्थेने चौकशी केली.

पोर वाचली, पोटातले वाचले नाही. शांताबाई पंधरवड्याने कामावर आल्या. त्यांनी नळ सोडला, धार दोऱ्याएवढी. बादली भरायला अर्धा तास लागणार होता. मी त्यांच्याशेजारी ओल्या फरशीवर बसले. धारेकडेच पाहत त्या म्हणाल्या, "तिकडं हल्ली जरा बरं येतंय, ताई."

आता मामा नाहीत. आमच्या गल्लीत सकाळी पुन्हा गुणगुण ऐकू येते. आमच्या अंगणातली धार तेवढी अजून दोऱ्याएवढीच आहे.