देइकडे मॅडमचं प्लास्टर

मॅडमचं खरं नाव हजेरीपटावरच्या सहीपुरतं उरलं होतं. डिझाइन कॉलेजात सगळे त्यांना ‘देइकडे मॅडम’ म्हणत. मुलांनी खुर्चीचं किंवा मिक्सरचं रेखाटन पुढे ठेवलं, की मॅडमचे हात शिवशिवायचे. “दे इकडे!” म्हणून त्या पेन्सिल हिसकावून घ्यायच्या, आणि चार रेषांत मरगळलेली खुर्ची ताठ उभी राहायची. मुलं खूश, मॅडमही खूश. फक्त दरवर्षी परीक्षेला बाहेरून येणारे सर भिंतीवरची चित्रं बघून मिश्कीलपणे म्हणायचे, “वा! वर्गभर मुलं, पण हात एकच.” मॅडमना ते फार लागायचं. त्या दिवशी घरी त्यांचा नवरा कोणी न सांगताच भांडी घासायला घ्यायचा.

यंदा मॅडम ग्रंथालयाच्या पायरीवरून घसरल्या आणि उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये गेला. “आता माझ्या मुलांचं कसं होणार हो?” असं त्यांनी इतक्या कळवळून विचारलं, की डॉक्टरांना वाटलं घरी तान्ही लेकरं आहेत.

खरी काळजी होती ‘पुसट’ची. ही मुलगी इतकी हलकी रेष काढायची, की कागद खिडकीशी धरून बघावा लागे. चुकलं तर कुणाला दिसू नये, एवढाच तिचा हेतू. गेल्या वर्षी मॅडमनी तिची सगळी चित्रं सुधारून दिली होती. पण परीक्षेत सरांनी समोर बसून काढायला सांगितलं, तेव्हा तिला एक रेषही सुचली नाही. ती नापास झाली. पुन्हा झाली तर वडील तिचं कॉलेज बंद करणार होते.

यंदा तिनं परीक्षेसाठी किटलीचं डिझाइन घेतलं होतं. चित्र बघताच मॅडमचा हात सवयीनं पुढे गेला आणि टेबलावर खाडकन आपटला. मग त्यांनी डावा हात चालवून पाहिला. किटलीचं वांगं झालं. वर्ग खो खो हसला, त्यात मॅडमचा आवाज सगळ्यांत मोठा.

“हे राहू दे. स्टाफरूममधली किटली आण. गरम पाणी कपात ओत बघू.”

पुसट ओतायला गेली आणि “आई गं!” करून तिनं हात झटकला. पाणी कागदांवर सांडलं.

“काय झालं गं?”

“वाफ, मॅडम. बोटांवरच येते. किटलीची मूठ जरा मागे हवी. आणि अशी तिरकी.”

“अशी म्हणजे कशी? काढून दाखव.”

“कागद भिजले.”

मॅडमनी प्लास्टर पुढे केलं. “यावर काढ.”

प्लास्टर खरखरीत. पेन्सिल उमटेना. तिनं मार्कर घेतला, तरी नुसते ठिपके उठले.

“मला दुखत नाही, बाळा. दाब.”

तिनं दाबला. जरा वाकडी, पण काळीभोर मूठ उमटली. खोडायची सोयच नव्हती. मॅडमनी हात वळवून ती मूठ नीट पाहिली. दुसऱ्याची रेष दुरुस्त करावीशी वाटली नाही, असं त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच झालं होतं. मग काय, बाकीची मुलंही रांगेत उभी राहिली. संध्याकाळी नवरा म्हणाला, “हात आहे का फळा?”

परीक्षेच्या दिवशी सर पुसटला म्हणाले, “झाकण उघडल्यावर ही किटली कशी दिसेल? काढा.”

पेन्सिल कागदाला टेकली आणि रेष विरायला लागली. मॅडमना बोलायची परवानगी नव्हती. त्यांनी हळूच प्लास्टरचा हात उचलला आणि तिनं काढलेली मूठ वर येईल असा टेबलावर ठेवला. पुसटनं तिकडे पाहिलं आणि पेन्सिल दाबली. टोक मोडलं. तिनं दुसरी घेतली.

सरांनी चित्र उचललं, मग भिंतीकडे पाहिलं. “यंदा बरेच हात दिसतायत. हा कुणाचा?”

“माझा,” पुसट म्हणाली.

ती पास झाली. मॅडम तिथेच रडल्या आणि त्यांनी ते लपवलंही नाही.

प्लास्टर निघाल्यावर पहिल्याच तासाला पुसटनं टेबलावर ठेवायच्या एका नव्या दिव्याचं चित्र पुढे ठेवलं. दिव्याचा पाय फारच बारीक होता. मॅडमचा मोकळा हात शिवशिवला.

“दे इक—”

पुसटनं पेन्सिल पाठीमागे लपवली. “नाही मॅडम. तुम्ही नुसतं विचारा.”

हसू दाबत मॅडमनी दोन्ही हात मागे बांधले.

“बरं. याला कुणाचं कोपर लागलं तर काय होईल?”